दम लागणारी म्हैस

शहापूरच्या एका दवाखान्यात मी नर्स होते. हृदयाच्या पेशंटना डॉक्टरांकडे पाठवण्याआधी, त्यांना कसं वाटतंय ते त्यांच्याच तोंडून ऐकून लिहायचं, हे माझं काम. डोळखांबकडचे एक काका गळ्यापर्यंत बटणं लावून, सुनेबरोबर यायचे. कुठल्याही प्रश्नाला खड्या आवाजात एकच उत्तर: "मला काय नाय झालं!" दम लागतो म्हटलं तर सून शेतावर जाऊ देणार नाही, ही धास्ती.

"चढावर थांबावं लागतं का?" मी एकदा विचारलं.

"मी नाय थांबत. म्हैस थांबते. तिला दम लागतो."

सून केसपेपर काढायला गेली तेव्हा मी हळूच विचारलं, "म्हैस कुठवर जाते, काका?"

"आंब्यापर्यंत जाते," ते गंभीरपणे म्हणाले. "मग छाती धरून बसते."

मी तसंच लिहिलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी काकांना नीट तपासलं आणि गोळ्या बदलल्या.

पुढच्या खेपेला मी विचारलं, "म्हैस कशी आहे?"

"झकास! आता न थांबता शेतावर जाते."

"कुठली म्हैस?" सून म्हणाली. "ती तर म्हसा गावच्या जत्रेत कधीच विकली!"

काका भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे फार लक्ष देऊन बघायला लागले.