मायते गल्ल्यावर उभी राहते

नेवाडातल्या त्या खाणीच्या गावात किराणा दुकान एकच, ग्लेनचं. आत शिरलं की दूध-अंड्यांच्या आधी जुगाराची यंत्रं लागतात. म्हणून गल्ल्यावर उभं राहणाऱ्यालाही पोलिसांचा परवाना लागायचा. मायते अरंबेलला तो कधीच मिळाला नाही. तिच्या नवऱ्याने, रॉयने, अख्खा पगार एका यंत्रात घातला, तेव्हा ती घरून हातोडी घेऊन आली आणि तिने त्या यंत्राचा चक्काचूर केला. माझं विचाराल तर झकास केलं. पण गुन्हा तो गुन्हाच.

रॉय तिला सोडून गेला. ग्लेनने मात्र तिला कामावर ठेवलं, मागच्या गोदामात. वीस वर्षं ती तिथे एकटी खोकी उचलत होती. बोलक्या बाईला याहून मोठी शिक्षा नाही. तिला माणसांत यायचं होतं, बस.

पुढे परवानेवाली माणसं मिळेनाशी झाली आणि दुकान दुपारीच बंद व्हायला लागलं. नियम सैल करायची सुनावणी राज्याच्या राजधानीत ठेवली, तेव्हा मायते स्वतः गाडी हाकत गेली.

"एक मशीन फोडलंय मी, नाकारत नाही," ती तिथे म्हणाली. "मशीनच्या चाव्या मागतंय कोण? मला बटाटे विकू द्या."

नियम बदलला. यंत्रांना हात न लावणाऱ्या नोकरांना आता परवाना नको.

पहिल्या सकाळी ग्लेनने बजावलं, "मशीनवाल्या गिऱ्हाइकाशी एक जरी भांडण झालं ना, तर परत गोदामात. हातोडी घरी ठेवलीस ना?"

"पर्समध्ये आहे. तू नीट वाग म्हणजे झालं."

दुपारी रांगेत रॉय उभा. पार वाळलेला. त्याने मोठी नोट पुढे केली.

"सुटे दे, मायते."

कशाला, ते सगळ्यांना ठाऊक होतं. ग्लेन हातातलं काम टाकून पुढे आला. मायतेच्या अंगाचा तिळपापड झाला असणार, पण तिने गल्ला उघडला आणि सुटे दिले. रॉय खाली मान घालून यंत्राकडे गेला, खुर्ची ओढून बसला.

मायतेने तिकडे पाहिलं नाही. रांगेतल्या पुढच्या मुलीची पिशवी तिने जवळ ओढली.

"बोल गं," ती म्हणाली, "आई कशी आहे तुझी?"

आवाज जरा घोगरा आला, पण आला.