ट्रंकेतलं लाल कार्ड

दारात गाडी लावून उतरलेली ती डॉक्टरीणबाई मला पाहताक्षणीच आवडली नाही. गळ्यात ओळखपत्र, हातात याद्यांचं बाड आणि चेहऱ्यावर असं हसू, की जणू आम्ही तिचीच वाट पाहत बसलो होतो. सोयाबीन सोंगायचे दिवस, घरातली सगळी माणसं शेतात. ओसरीवर, माझ्या मदतीला आलेली माझी धाकटी बहीण माझ्या मुलीच्या पायांना तेल चोळत होती. मुलीला वात आहे, असं आम्ही तिला सांगितलं होतं. पुढच्या महिन्यात बहिणीचं लग्न होतं, माझ्याच दिराशी. आमच्याकडे मामाची मुलगी भाच्यानं करायची, हे ठरलेलंच. माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. मी या घरात आले तशी आता बहीण येणार होती.

बाईंनी यादीवर बोट ठेवलं आणि खूश होऊन म्हणाल्या, "तुम्ही नवरा-बायको दोघंही आमच्या जुन्या अभ्यासात आहात. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे वाहक, दोघंही. अशा जोडप्यांची मुलंच आम्हाला हवी आहेत."

मला तो दिवस आठवला. आठवीत होते, आत्याकडे राहून शिकत होते. नवरा तेव्हा नुसता आतेभाऊ, त्याच शाळेत दहावीला. शहरातून माणसं आली, दंडाला रबर बांधून रक्त काढलं, प्रत्येकाला एक पेन आणि दोन केळी दिली. पुन्हा कोणी फिरकलं नाही. आम्ही केळी खाल्ली, मोठे झालो, लग्न केलं.

"म्हंजे आमी शाळेत होतो तवाच तुम्हाले माहीत होतं?"

"नोंद होती आमच्याकडे."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"ते फक्त संशोधनासाठी होतं. नावं गुप्त ठेवावी लागतात."

"नावं तर तुमच्या हातात दिसून राह्यली मले."

माझी मुलगी दुखण्यानं गुरासारखी ओरडायची, मी तिला उचलून दारव्ह्याच्या दवाखान्यात पळायचे, आणि या बाईंच्या कपाटात तो कागद आरामात पडून होता. असल्या अभ्यासाला आग लागो, असं मी तोंडावर म्हणाले. रक्ताचा थेंब मिळणार नाही, गाडीत बसा, असंही म्हणाले. फार बरं वाटलं.

बहिणीनं तेलाची वाटी खाली ठेवली. "वाहक म्हंजे काय?" तिनं बाईंना विचारलं.

त्यांनी तिला नीट सांगितलं. वाहकाला स्वतःला सहसा त्रास नसतो. पण नवरा-बायको दोघं वाहक असले तर मूल आजारी निपजू शकतं. "रक्ताच्या नात्यात लग्न करणाऱ्यांनी तर आधी तपासावंच. तुमच्या ताईंना दवाखान्यात हे सांगितलेलं असणार. मुलगी सिकलसेलची रुग्ण दिसते; रुग्णांना मिळतं ते लाल कार्ड असेल ना घरात?"

होतं. तीन वर्षांपासून होतं, माझ्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली. आत्या म्हणाली होती, कोणाले सांगू नको, आमा भावाबहिणीत वाकडं येईल. मी ऐकलं. पण खरं सांगायचं तर आत्याचं नुसतं निमित्त होतं. रात्रंदिवस आजारी लेकरू सांभाळून मी थकले होते आणि मला माझी बहीण या घरात हवी होती.

बहीण माझ्याकडे वळली. "ताई, तुले माहीत होतं. मंग सांगतलं काहून नाई?"

मी आत जाऊन कार्ड आणलं आणि तिच्यापुढे ठेवलं. तिनं ते उघडून तारीख वाचली, मिटलं, आणि मुलीचा दुसरा पाय मांडीवर घेऊन चोळायला लागली. बाई केव्हा गेल्या ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी बहीण माझ्या दिराला घेऊन एसटीनं दारव्ह्याला गेली. दोघांनी रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट आले, दोघंही वाहक निघाले, लग्न मोडलं. तिनं तो कागद बाबांना बोलावून घेऊन वाचून दाखवला, आत्याला दाखवला, शेजारच्या काकूंनाही दाखवला. मी समोरच उभी होते. मला दाखवला नाही.