परीक्षेआधी लागलेली नोकरी

माझी थोरली बहीण हडपसरला नळकामाचा वर्ग चालवायची. त्या वर्गात जो सगळ्यांत लवकर शिकायचा आणि ज्याला सगळ्यांत लवकर काम मिळायचं, तो सरकारी अनुदानाच्या हिशेबात 'गळती' म्हणून धरला जायचा. वर्तमानपत्राच्या नोकरीत असताना हे वाक्य मी अनेकदा लिहायला घेतलं. दर वेळी ते चुकून उलटं लिहिल्यासारखं दिसायचं. ते उलटं नव्हतं.

ताई पाणीपुरवठा खात्यात अभियंता होती. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर एका छोट्या संस्थेने तिला हा वर्ग सोपवला. महापालिकेच्या बंद पडलेल्या शाळेतली एक खोली मिळाली. खोलीच्या मधोमध ताईने एक भिंत बांधून घेतली आणि तिच्यावर नळ, फ्लशची टाकी, बेसिन, गीझरची जोडणी असं सगळं बसवलं. भिंतीच्या पलीकडे काहीच नव्हतं. विद्यार्थी आठवडाभर ती भिंत जोडायचे आणि शनिवारी सगळी उसकटून ठेवायचे. कोथरूडहून दोन बस बदलून ताई रोज तिथे जायची.

नळकाम शिकवायला पैसे लागतात ते मुख्यतः सामानाचे. पाइप कापला की कापला. दुसऱ्या विद्यार्थ्याला दुसरा पाइप द्यावा लागतो. शिकायला येणाऱ्यांकडून फी मिळण्यासारखी नव्हती. त्यांतले बहुतेक विदर्भ-मराठवाड्यातून आलेले, चार-पाच जणांत एक खोली घेऊन राहणारे होते. त्यामुळे वर्ग अनुदानावर चालायचा. अनुदान तीन हप्त्यांत यायचं आणि शेवटचा, सर्वांत मोठा हप्ता परीक्षेनंतर. त्यासाठी अट एकच. नावं नोंदवलेल्यांपैकी तीन-चतुर्थांश विद्यार्थी परीक्षेला प्रत्यक्ष हजर पाहिजेत. पुढच्या तुकडीची मंजुरीही त्याच अटीवर. परीक्षा दुसरीच एक यंत्रणा घ्यायची आणि तारीखही तीच ठरवायची.

तेव्हा हिंजवडीत कंपन्यांचे टॉवर उभे राहत होते. शहरात जो तो सॉफ्टवेअरबद्दल बोलायचा. पण टॉवर कुठलाही असो, त्याला मजल्यागणिक संडास-बाथरूम लागतात, आणि ते जोडणारी माणसं कंत्राटदारांना मिळत नव्हती. पहिल्या तुकडीला दोन महिने झाले आणि एक कंत्राटदार पांढरी जीप घेऊन शाळेच्या दारात आला. मुळशीकडचा, मोठ्या आवाजाचा माणूस.

"ताई, तुमच्याकडं पोरं हायेत म्हणं."

"आहेत. शिकतायत अजून."

"आटं पाडता येतात का? प्रेशर लावता येतंय?"

"येतं."

"मग शिकली की! आता आणखी काय कीर्तन शिकवताय?"

पाइपात पंपाने पाणी दाबून भरायचं, काट्यावरचा आकडा पाहायचा आणि तो खाली येतो का ते बघत थांबायचं, याला प्रेशर लावणं म्हणतात. सांधा कुठे गळतो ते भिंत बुजवण्याआधी कळतं. ताई हे पहिल्याच महिन्यात शिकवायची. तिचं म्हणणं, ज्याला गळती शोधता येते तो जोडताना आपोआप काळजी घेतो. कंत्राटदार त्या दिवशी सात जणांना घेऊन गेला. ताईने घरी येताना पेढे आणले.

मग ती अनुदान देणाऱ्या योजनेच्या कार्यालयात गेली. तिथला कार्यक्रम अधिकारी तरुण होता, नम्र होता आणि स्वतः अकरा महिन्यांच्या करारावर होता. त्याने पडद्यावर नावं पाहिली.

"मॅडम, ही सात मुलं गळती झाली."

"अहो, त्यांना नोकरी लागली."

"हो, पण कोर्स पूर्ण न करता."

"नोकरी लागावी म्हणूनच कोर्स आहे ना?"

"कोर्स परीक्षेसाठी आहे, मॅडम. नोकरी हा त्याच्यानंतरचा रकाना आहे."

पहिलीच तुकडी म्हणून त्या वर्षी सवलत मिळाली. पुढे मिळणार नाही, हेही त्याने सांगितलं.

नियम मूर्खपणाने केलेला नव्हता, हे नोंदवायला हवं. त्याआधी काही ठिकाणी कागदोपत्री विद्यार्थी दाखवून अनुदान उचललं गेलं होतं. आमच्याच वर्तमानपत्राने ते छापलं होतं. माणूस खरोखर आहे की नाही हे पाहायचं, तर त्याला एका दिवशी एका खोलीत बसवून मोजणं हा सोपा उपाय होता. खोटे विद्यार्थी त्याने थांबले असतील. ताईचे विद्यार्थी खरे होते आणि त्या दिवशी त्या खोलीत नसण्याचं त्यांच्याकडे चांगलं कारण होतं.

दुसऱ्या तुकडीला ताईने अभ्यासक्रम उलटा केला. पाइपाच्या टोकाला आटे पाडणं तिसऱ्या महिन्यात नेलं आणि प्रेशर अगदी शेवटच्या आठवड्यात. सुरुवातीला सुरक्षिततेचे नियम, हत्यारांची नावं, पाइपांचे प्रकार, वहीत आकृत्या. कंत्राटदाराला ज्याची गरज असते ते जोवर येत नाही तोवर तो कुणाला नेणार नाही, असा हिशेब. तिने हे जेवताना सांगितलं तेव्हा मीही तिथे होतो. तिचे यजमान बँकेतून निवृत्त झालेले. ते आमटी वाढून घेत म्हणाले, "म्हणजे पोहायचा क्लास, आणि तलावात पाणी शेवटच्या दिवशी सोडणार. उत्तम. बुडायचीही भीती नाही."

"तुम्ही सुचवा दुसरं काही," ताई म्हणाली.

"मी कशाला सुचवू? मला अनुदान नाही."

ताई हसली नाही. तीस वर्षं ज्या क्रमाने काम केलं, तो तिने स्वतःच्या हाताने मोडला होता आणि तो मोडल्याचा परिणाम तिला रोज वर्गात दिसत होता. विद्यार्थी आकृत्या काढून कंटाळले. तिघे महिन्याभरातच सोडून गेले. त्यांना नोकरी लागली नव्हती, नुसताच कंटाळा आला होता. जीपवाला पुन्हा आला, एका मुलाला विचारलं, "प्रेशर?" मुलगा म्हणाला, "ते शेवटी हाय." कंत्राटदाराने ताईकडे पाहिलं. "ताई, मागल्या खेपेला तुमची पोरं बरी व्हती," एवढं म्हणून तो गेला.

परीक्षेची तारीख आली, पुढे गेली. पुन्हा आली, पुन्हा पुढे गेली. कारण कळवण्याची पद्धत नव्हती. आणखी दोन जण गेले. विसांपैकी पंधरा उरले आणि पंधराच लागत होते. ताईने संस्थेच्या लोकांना बजावून ठेवलं, आता एकही कमी होता कामा नये. झाला तर शेवटचा हप्ता नाही, पुढची तुकडी नाही, वर्ग बंद.

त्या पंधरांत यवतमाळकडची एक बाई होती. सव्विशीची, लग्न झालेली. नवरा मांजरीजवळच्या गोदामात होता. वर्गात तिचा हात सगळ्यांत साफ. ती ताईला दर आठवड्याला विचारायची, "मॅडम, मले प्रेशर कधी शिकवता?"

"शेवटी."

"तोवर काय नुसती चित्रं काढू?"

तिला हिंजवडीतून बोलावणं आलं. कंपन्यांत काम करणाऱ्या मुलींचं एक होस्टेल होतं. वरच्या मजल्यांवर पुरुष कामगाराला पाठवायचं म्हणजे मुलींना आधी कळवा, बरोबर माणूस द्या, अशी कटकट. त्यांना नळकाम येणारी बाई हवी होती. राहायला खोली, दोन वेळचं जेवण आणि पगार. तिच्या नवऱ्यापेक्षा जास्त. सोमवारपासून हजर व्हायचं. नाहीतर दुसरी बघतो, असं व्यवस्थापकाने सांगितलं होतं. दुसरी त्याला मिळाली नसती, पण हे त्याला ठाऊक नव्हतं आणि तिलाही नाही.

ताईने त्याला फोन केला. मी समोर बसलो होतो.

"तिला आम्ही पाठवतो. फक्त परीक्षेला एक दिवस सुट्टी द्या."

"पहिल्या महिन्यात सुट्टी नसते, मॅडम. नियम आहे."

"कुणाचा नियम?"

"आमचाच." मग तो जरा नरमला. "बरं, एक दिवस बघू. कुठल्या तारखेला हवी?"

ताईकडे तारीख नव्हती. तिने तसं सांगितलं.

"म्हणजे सुट्टी हवी, पण कधी ते माहीत नाही?" तो म्हणाला. "मॅडम, माझ्याकडे चार मजले मुली आहेत. पाणी गेलं की सगळ्यांचे फोन मला येतात."

नंतर तिने योजनेच्या कार्यालयात फोन केला. या एकटीची परीक्षा आधी घेता येईल का? पोर्टलवर तशी सोय नाही. नोकरीचं पत्र जोडलं तर हजेरी धरतील का? तशीही सोय नाही. अधिकाऱ्याने हळू आवाजात एक सुचवलं, "मॅडम, तिला आत्ता सांगू नका ना नोकरीचं. होस्टेलवाल्यांना सांगा, पुढच्या महिन्यात देतो." ताई म्हणाली, "नोकरीचं तिनेच मला सांगितलंय," आणि फोन ठेवला.

शुक्रवारी संध्याकाळी ती मला म्हणाली, "उद्या तुझी गाडी आहे का? पंप न्यायचा आहे." प्रेशर लावायचा पंप तिने घरी आणून ठेवला होता. वर्गात ठेवला की मुलं शिकवा म्हणून मागे लागत.

शनिवारी ताईने त्या बाईला प्रेशर लावायला शिकवलं. बाकीच्यांतला एक जण म्हणाला, "मॅडम, आम्ही काय पाप केलंय?" मग सगळ्यांनाच शिकवलं. एरवी आठवडाभर चालणारं काम एका दिवसात. यवतमाळच्या बाईने पहिला पाइप जोडला, पंप मारला, काटा वर गेला आणि लगेच उतरायला लागला. तिने एकेका सांध्यावरून बोट फिरवलं, तिसऱ्याशी थांबली, खोलला, पुन्हा टेप गुंडाळून आवळला. दुसऱ्या वेळी काटा हलला नाही. "जमलं ना बाप्पा!" ती म्हणाली. ताईने तिला पान्यांचा एक जुना संच दिला आणि वेळेवर जा म्हणून बजावलं. पंधरा या आकड्याबद्दल तिला काहीही सांगितलं नाही. इतरांनाही सांगितलं नव्हतं.

परीक्षेची तारीख दुसऱ्याच आठवड्यात जाहीर झाली, त्यामुळे बाकीच्यांतलं कुणी गेलं नाही. ताईने होस्टेलच्या व्यवस्थापकाला पुन्हा फोन केला. त्या दिवशी त्यांच्या टाक्या धुवायच्या होत्या. त्याने नाही म्हटलं. बाईशी बोलायचं ताईने टाळलं. तिला कळलं असतं तर ती काम टाकून आली असती आणि काम गेलं असतं, असं ताईचं म्हणणं. मला ते तेव्हा पटलं नव्हतं. निदान विचारायला हवं होतं, असं मी म्हणालो. "विचारलं की ते सांगितल्यासारखंच होतं," ताई म्हणाली.

परीक्षक सकाळी आला. त्याने चौदा डोकी मोजली, प्रत्येकाचा फोटो काढला आणि यादीवर पेन टेकवून विचारलं, "पंधरावी कुठे आहे?"

"कामावर."

"कसल्या कामावर?"

"नळाच्या."

"अरे वा! मग उत्तमच आहे की," तो मनापासून म्हणाला आणि त्याने तिच्या नावापुढे गैरहजर लिहिलं.

चौदाच्या चौदा पास झाले. महिन्याभरात केंद्र बंद केल्याचं कळवण्यात आलं.

मी शहर आवृत्तीच्या प्रमुखाला विषय सांगितला. त्याने दोन मिनिटं नीट ऐकलं. "पैसे खाल्ले का कुणी?" नाही. "नियम मोडला?" नाही. "मग बातमी काय आहे?" तो खोचकपणे विचारत नव्हता. नियम पाळल्याने एक चालतं काम बंद पडलं, याला आमच्याकडे रकाना नव्हता. त्या आठवड्यात एका नव्या आयटी पार्कची पुरवणी होती आणि ती मलाच पाहायची होती.

काही दिवसांनी ताईने योजनेच्या संकेतस्थळावर बंद केंद्रांची यादी पाहिली. तिच्या केंद्रापुढे कारण लिहिलं होतं, 'विद्यार्थ्यांचा अल्प प्रतिसाद'. वर्ग बंद झाल्यावर न चिडलेली ताई हे वाचून चिडली. ती कार्यालयात गेली, मलाही बरोबर नेलं.

"पैसे मागायला आले नाही," तिने अधिकाऱ्याला सांगितलं. "हे कारण खोटं आहे. दुरुस्त करा."

"मॅडम, सॉफ्टवेअरमध्ये कारणांचे तीनच पर्याय आहेत. गैरव्यवहार, जागेची अडचण आणि अल्प प्रतिसाद. त्यातल्या त्यात तुमच्यासाठी हेच बरं आहे."

"खरं कारण लिहायचा अर्ज कुठे करायचा?"

"अर्ज ऑनलाइन असतो. केंद्राच्या लॉगिनमधून."

"मग करते."

तो अवघडला. "केंद्र बंद झालं की लॉगिनही बंद होतं, मॅडम."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. त्यानेच मग खालच्या आवाजात सांगितलं, की त्याचाही करार महिनाअखेर संपतोय. आम्ही उठलो. जिन्यात ती एवढंच म्हणाली, "मीसुद्धा सरकारात होते रे. आम्ही निदान हाताने लिहायचो. शेरा मारायला समासात जागा असायची."

पावसाळा संपता संपता एका रविवारी होस्टेलमधल्या बाईचा फोन आला. ताईच्या हातात पीठ होतं म्हणून तिने स्पीकर लावला. बाई खुशीत होती. पगार वाढला होता, आणखी एक बाई हवी असं व्यवस्थापक म्हणत होता.

"मॅडम, माह्या जावेले घ्याचं होतं. पुढची बॅच कधी आहे?"

"बॅच नाही आता. वर्ग बंद झाला."

 पलीकडे कुठेतरी बादलीत पाणी पडत होतं.

"मी परीक्षेले नाही आली म्हणून झालं का, मॅडम? एक पोरगं भेटलं होतं, ते म्हणे की एक डोकं कमी पडलं."

ताईने माझ्याकडे पाहिलं नाही.

"छे, तुझा काय संबंध?" ती म्हणाली. "विद्यार्थ्यांचा प्रतिसादच कमी होता."