पुढच्या वैमानिकाला सांगणारे काकाजी

श्री. भास्करराव वैरागडे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते भिलाईजवळच्या हथखोज औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या शेडमध्ये, लेथच्या बाजूला स्टुलावर बसून केळं खाताना. मी पॉलिटेक्निक करून नोकरी शोधत होते. बाबा रेल्वेत, घर दुर्गच्या मोहन नगरात, आणि पोरीनं हथखोजला कारखान्यात जावं हे घरी कुणालाच पटलेलं नव्हतं. मुलाखत म्हणजे टेबलामागे दोन-चार साहेब बसलेले असतील अशी माझी समजूत. इथे एक गृहस्थ केळ्याचं साल कागदात गुंडाळत उठले, हात पुसले आणि धातूचा एक तयार भाग माझ्या हातात दिला. मी व्हर्निअर मागून घेतला आणि मापं सांगायला लागले. त्यांनी मला मध्येच थांबवलं. "मापं बरोबर असतीन बाई. याच्या भरवशावर कोन बसते, ते सांग." मी पुन्हा मापंच सांगितली. नोकरी मात्र मिळाली.

आमच्याकडे घरच्या लेकीला 'बाई' म्हणतात. त्या दिवसापासून आजपर्यंत त्यांनी मला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारलेली नाही. सारं हथखोज त्यांना काकाजी म्हणतं, म्हणून मीही पुढे तसंच लिहिणार आहे. त्यांच्या पंचाहत्तरीचा हा गौरवअंक काढणाऱ्या समितीनं एवढं चालवून घ्यावं.

समितीकडे एक तक्रारही आहे, ती आत्ताच सांगून टाकते. अमृतमहोत्सव आहे, मंगल प्रसंग आहे, अपघाताचं काही लिहू नका, असं मला फोनवर बजावण्यात आलं. मी चिडले. अहो, अपघात वगळून काकाजींवर लिहायचं म्हणजे दुसऱ्याच कुणावर तरी लिहायचं. काकूंना, म्हणजे काकाजींच्या पत्नीला, विचारलं, त्यांनी लिही म्हटलं. आता ज्यांना नको असेल त्यांनी हे पान उलटून पुढच्या लेखाकडे जावं.

काकाजी मूळचे भिलाईचेच. इंजिनिअर होऊन ते बाहेर गेले आणि लष्करासाठी हेलिकॉप्टर तयार करणाऱ्या एका गटात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली. हल्ला करणारं नव्हे, ओझं वाहणारं हेलिकॉप्टर. उंच चौक्यांवर जवान पोचवायचे, रेशन टाकायचं, जखमींना खाली आणायचं, पुरात माणसं उचलायची, असली सगळी कामं एकाच यंत्रानं करायची. पुढे वडिलांना लकवा झाला आणि काकाजी नोकरी सोडून घरी आले. जुन्या सहकाऱ्यांचा त्यांच्यावर इतका विश्वास होता की हथखोजला शेड टाकल्यावर त्याच हेलिकॉप्टरचा एक भाग त्यांनी आमच्याकडे करायला दिला.

तो भाग काय होता हे मी माझ्या सासूबाईंच्या निमित्तानं सांगते. लग्न होऊन मी भिलाई-३ या वसाहतीत सासरी गेले आणि सासूबाईंनी नोकरीला साफ नकार दिला. काकाजी स्वतः घरी आले. चहा घेतला, सासूबाईंची रवी आणि ताकाचा गंज, म्हणजे पातेलं, मागून घेतलं आणि ओट्यावर बसून घुसळायला लागले. "वहिनी, रवी इकडे फिरली तं गंज तिकडे फिराले पाह्यते. म्हनून आपन गंज हातानं धरतो. हेलिकॉप्टरचा वरचा पंखा म्हंजे रवी. शेपटीवरचा लहान पंखा म्हंजे गंज धरनारा हात. तो हात सुटला तं माणसांसकट पुरं यंत्रच गरगरते. त्या हातापर्यंत ताकद नेनारा एक लांब दांडा असते, तो जिथं टेकते त्या बैठका आमी बनवतो. अन् त्या बरोबर झाल्या का नाही, हे तुमची सून पाह्यते." सासूबाईंनी गंज ओढून घेतला, कारण ताक सगळं ओट्यावर सांडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र माझा डबा त्यांनीच भरून दिला.

वर्तमानपत्रात छापून येतं, अमुक हेलिकॉप्टर विकसित करण्यात आलं. काय सांगू त्या एका वाक्यात किती लोकांचे केस पांढरे होतात! आमच्या बैठका, म्हणजे बेअरिंगची हाउसिंगं, पहिल्यांदा गेल्या त्या सगळ्या परत आल्या. पुढच्या खेपेला चाचणीत तडे गेले. मग धातू बदलला, भट्टीचं तापमान बदललं, ड्रॉइंग बदललं. तिकडे हेलिकॉप्टर जमिनीला साखळदंडानं बांधून दिवसच्या दिवस चालवायचे, मग उघडून एकेक भाग भिंगाखाली बघायचे आणि पुन्हा आमच्याकडे निरोप यायचा, हे असं नको, तसं करा. काकाजी कधी वैतागले नाहीत. आमचे लेथवाले डोमनभाऊ एकदा हातातला भाग आपटून म्हणाले, "काकाजी, ये मशीन कभी उड़ेगी भी?" काकाजी म्हणाले, "घाई करून उडली तं खाली बी घाईनंच येईन."

आता त्यांच्या एका रीतीबद्दल. ही रीत मी दुसऱ्या कुठल्याही कारखान्यात पाहिलेली नाही. उड्डाणात वापरायचा माल बाहेर पडण्याआधी, जो वैमानिक ते हेलिकॉप्टर उडवणार त्यानं आमच्या शेडमध्ये येऊन सगळ्यांबरोबर जेवायचं. काकाजी तिकडच्या साहेबांच्या मागे लागून, हातापाया पडून ते जमवायचे. ज्याच्यासाठी काम करतो त्याचं तोंड दिसलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

तसे विंग कमांडर समरेश साहेब आले. उंच, हसरे, टक्कल पडायला लागलेलं. काकूंनी बेसनाच्या पातोडीचा रस्सा केला होता, तो त्यांना इतका तिखट लागला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी पुन्हा वाढून घेतला. प्रत्येक मशीनपाशी जाऊन त्यांनी हात मिळवला. डोमनभाऊंनी तेलाचे हात मागे लपवले तर ते ओढून घेतले. निघताना काकाजींना म्हणाले, मशीन पास झालं की बायकोला घेऊन येतो, तिलाही हा रस्सा खाऊ घालायचाय.

साहेब पुन्हा आले नाहीत. डोंगरातल्या चाचणीत हेलिकॉप्टर हवेत स्थिर उभं असताना शेपटीचा पंखा बंद पडला आणि ते गरगरत खाली कोसळलं. फोन आला तेव्हा आम्ही डबे उघडून बसलो होतो. काकाजींनी ऐकून घेतलं, रिसीव्हर खाली ठेवला आणि म्हणाले, "समरेश साहेब गेले." सोबतचे दुसरे वैमानिक जगले, पण ते पुन्हा कधी उडाले नाहीत. शेडमध्ये माणसं मोठ्यानं रडली. कुणी म्हणेल, चाचणी वैमानिकाच्या नशिबी हे असायचंच. पण आमच्यासाठी ते चाचणी वैमानिक नव्हते हो, आमच्या ताटातलं जेवलेला माणूस होता तो.

चौकशी झाली. शेपटीकडे जाणारा दांडा निखळला हे कळलं. तो आमच्या हाउसिंगमुळे निखळला की दुसऱ्यांनी बनवलेल्या बेअरिंगमुळे, हे मात्र कळलं नाही, कारण दोन्ही जळून एकमेकांत वितळून गेले होते. निश्चित कारण सांगता येत नाही, असं चौकशीवाल्या साहेबांनी समोर बसून सांगितलं. शेडमधल्या कुणीतरी श्वास सोडला, सुटलो बुवा म्हणून. काकाजींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

त्यानंतर शेडमध्ये एक विचित्र गोष्ट सुरू झाली. कुणाचा कशावर विश्वासच राहिला नाही. डोमनभाऊ चांगला झालेला भाग आपल्याच हातानं भंगारात टाकायचे. मी मोजायची, माप बरोबर निघायचं, पुन्हा मोजायची आणि नापास करायची. चेहरा पाहिलेला होता ना! काकाजींची रीत आमच्यावर अशी उलटली. एकही भाग बाहेर जाईना. सगळ्यांनी मिळून काकाजींना विनवलं, आता काही झालं तरी वैमानिकाला बोलावू नका. काकाजीही हो म्हणाले. तेवढ्या काळात ते फार थकल्यासारखे दिसायचे.

मग ते समरेश साहेबांच्या घरी गेले. वकिलानं हात जोडून नको म्हटलं, काकूंनी नको म्हटलं. तरी गेले, आणि साहेबांच्या पत्नीला समोर बसून सांगितलं की आमचा भाग त्या यंत्रात होता, तो तुटला असू शकतो, नसूही शकतो, आम्हाला ठाऊक नाही. मी आजवर दहा जणांना तरी विचारलं असेल की त्या बाईंनी काय म्हणायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "ये मुझे क्यों बता रहे हैं? अपना बोझ मेरे घर मत लाइए। जो अगला बैठेगा, उसे बताइए।" आणि त्या आत निघून गेल्या. काकाजी आले तसे परतले. शेडमध्ये येऊन त्यांनी हेही आम्हाला जसंच्या तसं सांगितलं, स्वतःला कुठेही झाकून न घेता. मग म्हणाले, "बाई बरोबर बोलल्या. मी चुकीच्या घरी गेलो होतो. पुढच्या पायलटले बोलवा."

पुढचे वैमानिक आले. पंगत मांडली. काकाजी जेवणाआधी उभे राहिले आणि त्या तरुण माणसाला सगळं सांगितलं. तुमच्या आधीचे साहेब इथेच बसून जेवले. हाउसिंग आमचं होतं. दोष आमचा होता की नव्हता हे आम्हाला माहीत नाही आणि कधी कळणारही नाही. ही माणसं पाहा, त्यांचं काम पाहा, मग ठरवा. ताटं वाढलेली तशीच राहिली. तो मुलगा उठला, लेथपासून माझ्या टेबलापर्यंत गेला, दिवसभर एकेक भाग उचलून प्रश्न विचारत राहिला. संध्याकाळी नुसतं पाणी प्यायला आणि म्हणाला, माल पाठवा. अपघातानंतर त्या दिवशी मी पहिल्यांदा एक भाग पास केला. दांड्याची सगळी रचना तोवर तिकडे बदलली होती, आमचं हाउसिंगही जाड झालं होतं. ते हेलिकॉप्टर उडालं. आज ते उंचावरच्या चौक्यांवर जातं, जखमींना घेऊन खाली येतं. टीव्हीवर दिसलं की माझी मुलगी हाक मारते. मी येऊन शेपटीकडे बघते.

तेव्हापासून जो जो वैमानिक आला त्याला काकाजींनी तेच सगळं पहिल्यापासून सांगितलं. एकदा मी म्हटलं, काकाजी, आता पुरे करा, यंत्र चांगलं चाललंय, कशाला स्वतःला जाळून राहिले? ते म्हणाले, "मले बरं वाटावं म्हनून नाही सांगत बाई. त्यायले माहीत असावं म्हनून सांगतो." माणसाला मोठं म्हणायला मला तरी याहून जास्त काही लागत नाही. समितीनं पाठवलेल्या मजकुरात त्यांच्या मानसन्मानांबद्दल बरंच काही आहे. ते दुसरे लिहितील.

आणि आता जे लिहायचं आहे ते लिहवत नाही. वर्षभरापासून काकाजी विसरायला लागले आहेत. आधी चष्मा, मग रस्ता, मग नातवांची नावं. एका सकाळी काकूंचा फोन आला, "अवं, हे नवा शर्ट घालून बसले. समरेश साहेब जेवाले येनार म्हंतात. पातोडी कर म्हंतात. काय करू मी?" मी धावत गेले आणि खरं सांगितलं. मला वाटलं, यांच्याशी खोटं कसं बोलायचं? त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं. पार मोडून गेले. मग माझा हात धरून विचारलं, "आपलं हाउसिंग होतं काय, बाई?" मी म्हटलं, माहीत नाही काकाजी. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं, तोच शर्ट, तोच प्रश्न. आता काकू सांगतात, साहेबांचं येणं आज रद्द झालं. ते मान डोलवतात आणि शर्ट बदलतात.

वैमानिक अजून येतात. सांगायचं काम आता माझ्याकडे आलं आहे. मागच्या खेपेला आलेली वैमानिक माझ्या मुलीहून थोडीशीच मोठी होती. काकाजी शेजारी खुर्चीवर बसले होते. मी सगळं सांगितलं, काही सोडलं नाही. ते फार लक्ष देऊन ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी त्या मुलीलाच विचारलं, "मंग कारन सापडलं काय?" ती माझ्याकडे बघायला लागली. मला तिथे थांबवेना, मी बाहेर जाऊन नळाशी उभी राहिले.

अशा लेखाच्या शेवटी दीर्घ आणि निरोगी आयुष्य मागायचं असतं. दीर्घायुष्य मी मागतेच, त्यात माझा स्वार्थ आहे, 'बाई' म्हणणारं दुसरं कुणी आता उरलेलं नाही. पण निरोगी हा शब्द लिहिताना हात अडला. काकाजी बरे झाले तर त्यांना सगळंच आठवणार. असं सुख त्यांच्यासाठी मागायचं की नाही, ते मला ठरवता येईना, म्हणून काकूंना विचारलं. त्या भाजी निवडत होत्या. सगळी निवडून संपवली. मग म्हणाल्या, "बरं होऊ दे म्हन. त्यायले विचारलं असतं तं त्यायनं हेच मांगतलं असतं."

म्हणून मागते. काकाजींना उदंड आयुष्य लाभो, ते पूर्ण बरे होवोत, त्यांना सगळं आठवो. समरेश साहेब आठवोत, आणि ते आता नाहीत, हेही आठवो.