बिनसांध्याची फरशी

फरशी बसवणाऱ्याला सगळं जग वाकडंच दिसतं, आणि लेव्हलरावांना तर अंमळ जास्तच. हे नाव त्यांना बांधकामावरच्या गवंड्यांनी दिलं होतं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव फक्त बँकेला ठाऊक. कुणाकडे चहाला गेले तरी ते कप खाली ठेवून आधी चहा कुठल्या बाजूला कलतो ते बघत. लेकीच्या सासरी पहिल्यांदा गेले, तेव्हा टेबल डुगडुगतंय म्हणून भर गप्पांत खाली वाकून त्याच्या पायाखाली कागदाची घडी सारून आले. बायको परत येताना म्हणाली, "अहो, आपण माणसं बघायला गेलो होतो, टेबल नव्हे."

ही गोष्ट बायको बोलत होती तेव्हाची. पुढे एका सकाळी ती आंघोळ करून बाहेर आली आणि दारातच कोसळली. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हेच खूप. डावा हात तेवढा शाबूत राहिला, आणि मान हलवता येत होती. हो म्हणायला आणि नाही म्हणायला एवढं पुरतं. पण त्यासाठी आधी कुणीतरी विचारावं लागतं.

झोपायची खोली वरच्या मजल्यावर, आणि जिना चढणं तर आता सुटलंच. बाहेरच्या खोलीत पलंग टाकला असता, पण येणाजाणाऱ्यांच्या नजरेसमोर तिला असं टाकून ठेवायचं लेव्हलरावांच्या जिवावर आलं. त्यांनी ठरवलं, मागच्या अंगणात तिच्यासाठी स्वतंत्र खोली बांधायची, आत संडास, मोठी खिडकी. मागच्या अंगणात जागा मोकळी होती ती काही उगाच नाही. खाली घराची सेप्टिक टँक होती. घराच्या मंजूर नकाशात टँकची जागा उघडी दाखवली होती, आणि ती उघडीच राहिली पाहिजे असा कायदाच होता. टँकवर खोली नको, झाकण कधीही उघडता आलं पाहिजे, आणि वायू बाहेर जाण्याचा पाइप छपराच्या वर गेलेला हवा. सोबतच्या गवंड्याने हे सगळं सांगून पाहिलं.

"निदान झाकण तरी मोकळं सोडा," तो म्हणाला. "गाडीवाला मैला उपसायला आला तर पाइप टाकणार कुठून?"

"माझ्या बायकोच्या उशाशी मैल्याचं झाकण? तुझ्या बायकोच्या उशाशी ठेवशील?"

गवंड्याने थापी धुऊन पिशवीत टाकली. जाताना एवढंच म्हणाला, "करा बाबा, तुमचं घर, तुमची मर्जी."

आणि लेव्हलरावांनी आयुष्यातली सगळ्यात सुंदर फरशी त्या खोलीत घातली. हात असा लागला की सांधा नखालाही जाणवू नये. झाकण कुठे आहे ते ओळखू येईल अशी एक रेघही त्यांनी ठेवली नाही. खिडकीबाहेर वायूचा पाइप उभा होता. पलंगावरून तो नजरेत सलतो म्हणून त्यांनी तो कापला आणि तोंडात सिमेंट भरून टाकलं. बायकोला उचलून आत आणलं, पलंगावर निजवलं आणि विचारलं, "कशी झालीय?" तिने बघितलं आणि मान हलवली. छान झालीय, असं त्या मानेनं सांगितलं. त्या दिवशी तरी ते खरंच होतं.

पुढे काही महिन्यांनी ती डाव्या हाताने खाली बोट दाखवू लागली. लेव्हलराव औषध द्यायला आले की बोट खाली, भरवायला बसले की बोट खाली. फरशीवाल्याला बायकोने फरशी दाखवली तर तो काय समजणार? त्यांचा ऊर भरून यायचा. "आवडली ना? अगं, अशी फरशी बंगलेवाल्यांच्या घरात नसते," असं म्हणून ते ओला फडका घेऊन गुडघ्यावर बसायचे आणि ती फरशी लख्ख पुसायचे. ती बोट दाखवतच राहायची. मग थकून चादर नाकापर्यंत ओढून घ्यायची. डोळ्यांवर उजेड येत असेल म्हणून त्यांनी खिडकी बंद केली.

वास त्यांना येत नव्हता, आणि यात खोटं काही नाही. उभा जन्म सिमेंटच्या धुळीत आणि दगड कापायच्या भुकटीत गेला, नाक कधीच कामातून गेलेलं. वर्षातून एकदा लांबून येणारी लेक आली, तेव्हा तिने विचारलंही, "बाबा, इथे कसलातरी वास येतोय का?" त्यांना वाटलं, आजाऱ्याची खोली, असायचाच. त्यांनी फिनेल वाढवलं.

प्रकरण बाहेर आलं ते शेजारच्या शिक्षिकाबाईंच्या विहिरीमुळे. पाणी गढुळलं, त्याला घाण येऊ लागली. बाईंनी पाणी तपासून घेतलं आणि तक्रार केली. भांडायला त्या आल्या नाहीत. भांडल्या असत्या तर लेव्हलरावांना बरं वाटलं असतं. आरोग्य खात्याची निरीक्षक आली, लेकीच्याच वयाची, रबरी बूट घातलेली.

"काका, टँक कुठे आहे?"

"मागे."

मागे खोली होती. ती आत आली आणि दारातच थबकली. नाकाला हात लावायचा तिने कसाबसा टाळला, ते लेव्हलरावांना दिसलं.

"झाकण?"

"फरशीखाली."

"कुठल्या?"

इथे मात्र मजाच झाली, म्हणजे हसू येईल अशी नव्हे. लेव्हलरावांना झाकण सापडेना. ते थापीच्या मुठीने एकेक फरशी वाजवत खोलीभर रांगले. आपण घातलेली फरशी कधी पोकळ वाजत नाही, हे ते चारचौघांत छाती फुगवून सांगायचे. ते खरं निघालं. एकही फरशी पोकळ वाजली नाही.

निरीक्षक मग पलंगापाशी गेली. "मावशी, तुम्हाला इथे वास येतो का?"

एवढा साधा प्रश्न, आणि इतके दिवस या घरात तो तिला कुणी विचारला नव्हता. तिने मान हलवली. हो. पुन्हा हलवली. मग डाव्या हाताचं बोट खाली दाखवलं, नवऱ्याकडे बघितलं, पुन्हा खाली दाखवलं, आणि तिच्या चांगल्या डोळ्यातूनही आणि गेलेल्या अंगाकडच्या डोळ्यातूनही पाणी वाहायला लागलं. लेव्हलराव थापी हातात धरून जमिनीवरच बसले होते. पायाखालची वाळू सरकते म्हणतात, त्यांची फरशी सरकली. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निरीक्षक वाईट बाई नव्हती. तिने कागद काढले, पण आधी खिडकी उघडली. मग शांतपणे सांगितलं. टँक कधी उपसलीच नाही, त्यामुळे गाळ वर आला, शोषखड्डा तुंबला आणि घाण पाणी विहिरीकडे उतरलं. पाइप बंद केला म्हणून वायू बाहेर जाईना. जिथून फट मिळेल तिथून वर आला, बहुधा संडासातून. "काका, हा वायू नुसता घाण नसतो, जिवावरचा असतो. खोली पाडावी लागेल. नवी टँक पुढच्या अंगणात, विहिरीपासून लांब. झाकण मोकळं, पाइप छपराच्या वर. ते होईपर्यंत मावशींना इथे ठेवू नका. आजच हलवा."

"मी तिच्यासाठीच बांधली होती," लेव्हलराव म्हणाले.

"ते दिसतंय," ती म्हणाली, आणि सही केली.

लेक आली आणि आईला घेऊन गेली. गाडीत बसवताना लेव्हलरावांनी बायकोच्या पायांवर शाल घातली. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. लेकीने गाडीचं दार ओढून घेतलं.

फरशी त्यांनी स्वतः फोडली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. पलंगाच्या डोक्याकडची फरशी उखडली तेव्हा झाकण निघालं. तिची उशी असायची, बरोबर त्याच्याखाली. गवंडी मदतीला आला होता. त्याने ते बघितलं आणि तंबाखू मळत तोंड फिरवलं. मी सांगितलं होतं, असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर लेव्हलराव त्याच्या गळ्यात पडून रडले असते.

खोली गेली. पुढच्या अंगणात नवी टँक झाली, मोकळ्या झाकणाची, आणि छपराच्या वर गेलेला पाइप, वर जाळी लावलेला. शोषखड्डाही नियमाप्रमाणे लांब गेला. शेजारच्या विहिरीचा सगळा उपसा करून दिला. पलंग बाहेरच्या खोलीत टाकला, आधी जिथे टाकायची त्यांना लाज वाटली होती तिथेच. खिडकी दिवसरात्र उघडी. स्वतःच्या नाकावर त्यांचा भरवसा उरला नव्हता, म्हणून ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, "वास येतो का हो काही?" पोस्टमनला विचारलं, दूधवाल्याला विचारलं, शिक्षिकाबाईंनाही विचारलं. सगळे नाही म्हणाले. निरीक्षक येऊन तपासून गेली, दाखला मिळाला. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. पण आपला बैल अजून परत येईल, या आशेवर लेव्हलराव होते.

दाखला खिशात घालून ते लेकीकडे गेले. तिथल्या खोलीची फरशी चढउताराची होती, सांध्यांत बोट जाईल एवढी फट. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. बायको झोपली होती. चादर छातीपर्यंतच होती, तोंड पूर्ण उघडं. कितीतरी दिवसांनी तिचं सबंध तोंड त्यांना दिसलं. गालावर थोडं मांसही आलं होतं.

तिने डोळे उघडले तशी ते खुर्ची ओढून जवळ बसले आणि सगळं सांगत सुटले. पाइप किती उंच, झाकण कुठे, पोस्टमन काय म्हणाला. दाखला उलगडून तिच्यासमोर धरला. "आता सगळं कायद्याप्रमाणे आहे. तू यायला काही हरकत नाही." मग दाखल्याची घडी घातली आणि या वेळी मात्र विचारलं, "येतेस घरी?"

तिने त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मान हलली नाही. डावा हात सावकाश वर आला, चादरीची कड धरली आणि नाकापर्यंत ओढून घेतली.