बहुमताचं इंग्लिश

चार मोठी माणसं इंग्लिश शिकायला बसली की शब्द थोडे जमतात, किस्सेच ढिगानं! पांढरकवड्याच्या आमच्या क्लासचं तेच झालं. कापसाची वाईट वर्षं चालली होती. राऊतभाऊ कामाला होते ती जिनिंग मिल बंद पडली होती. त्यांना नोकरी हवी होती आणि जावं तिथं मुलाखत इंग्लिशमध्ये! मी कोर्टात टायपिस्ट, मला आपली नुसती हौस.

शिकवायला रिटायर्ड हेडमास्तर कुळकर्णी सर. सर शिकवायचे, पण उत्तर सांगायचे नाहीत! सारखे वाटणारे दोन शब्द आले की म्हणायचे, "आधी चर्चा, मग हात वर." बहुमत मिळेल तो शब्द त्या दिवसापुरता बरोबर. चुकलं असेल तर दुरुस्ती दुसऱ्या दिवशी. त्यामुळे क्लास बुडवायची सोय नव्हती.

*

पहिलं मतदान 'हाउस' आणि 'होम'वर. राऊतभाऊ उठले. "ज्याचा टॅक्स नगरपरिषद घेते थे हाउस. जिथं उशिरा गेलं की बोलनी खा लागते थे होम!"

सगळे हात वर. सर म्हणाले, "हे दुरुस्त करायची माझी हिंमत नाही."

*

'प्लीज' आणि 'काइंडली'मध्ये मी 'काइंडली'चा प्रचार केला. आमच्या टायपिंगमध्ये तोच चालतो ना! निवडूनही आणला. दुसऱ्या दिवशी ऐटीत कोर्टाच्या कँटीनमध्ये गेले. "दोन चहा, काइंडली!"

कँटीनवाला बघतच राहिला. "म्याडम, चहा पायजे का तारीख?"

*

बँकेतल्या गावंडेंचा प्रश्न घरगुती होता. "बायकोले 'थिन' म्हनावं का 'स्लिम'?"

शोभाताई केळापूरच्या, घरचं कापसाचं शेत. शेतातून थेट क्लासला यायच्या. त्या म्हणाल्या, "जेवन वाढून होईस्तोवर काहीच म्हनू नका!"

ठराव एकमतानं पास.

*

त्या वर्षांत कापूस शेतकऱ्यांचे हाल टिपायला आमच्याकडे कॅमेरेवाले पाहुणे फार यायचे. एक गोरी बाई क्लासमध्येच आली. शोभाताईंना विचारलं, "तुम्ही सॅड आहात की अँग्री?"

सवयीनं हात वर झाले. सरांचाही हात धरून मतं दोन-दोन, बरोबरीत! उरलं शोभाताईंचं एकटीचं मत. त्यांनी पदर खोचला.

"मॉर्निंग अँग्री. इव्हनिंग कुकिंग!"

बाईनं लिहून घेतलं. आम्ही हसलो खरे, पण त्या वर्षी शोभाताईंच्या कापसाला भावच नव्हता.

*

आणि राऊतभाऊंची मुलाखत! मुकुटबनकडच्या एका कारखान्यात, स्टोअरच्या जागेसाठी. याआधी दोन ठिकाणी इंग्लिशपायीच नकार आला होता. पोरगी कॉलेजात, वय पंचेचाळीस. जाताना म्हणाले, "याच्यापुढं आता कोनी बोलावनार नाही मले."

समोर तीन साहेब. पहिलाच प्रश्न, "आधीची नोकरी का सोडली?" इंग्लिशमध्ये.

राऊतभाऊंनी सुरुवात झकास केली. "सर, मिल क्लोज्ड. सो आय लेफ्ट..." आणि अडकले. 'लेफ्ट' की 'लॉस्ट'? सोडली म्हणावं की गमावली? आणि माणूस घाबरला की सवयीवर जातो.

"सर, 'लेफ्ट'? हँड्स अप, प्लीज!"

दोन साहेबांचे हात वर गेले. का गेले, ते त्यांनाही कळलं नसावं.

"'लॉस्ट'?"

तिसऱ्या, वयस्कर साहेबांनी शांतपणे हात वर केला.

"मेजॉरिटी, सर. आय लेफ्ट."

ते वयस्कर साहेब पुढे झुकले. "काहून भाऊ? मिल बंद पडली म्हनता, मंग गमावली म्हना ना. लाज कायची त्यात?"

"लाज नाही साहेब. पन तुमचं 'लॉस्ट' पडलं ना मतदानात!"

साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "सोमवारपासून येता?"

यावर राऊतभाऊंनी मतदान घेतलं नाही.