पाण्याआधीचे आभार

चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा मला हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकते. टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या, माहेर गिरीज गावातल्या फुलांच्या वाडीतलं, केसांत रोज ताजं फूल. फुलाबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं दुखणं वेगळं आहे. आमच्या नगरसेविकेला निवडून आणलं मी, आणि ती शोधते या काकूंना.

‘निवडून आणलं मी’ हे जरा जास्त झालं, पण फार नाही. बोळिंजच्या आमच्या वसाहतीतली तिची पहिली बैठक माझ्या घरी झाली. घराघरांत जाऊन तिच्याविषयी सांगताना माझा घसा बसला. वयाने ती माझ्या धाकट्या बहिणीएवढी, तरी मी तिला ताई म्हणायला लागले. बोलायचीच तशी. शेवटच्या सभेत म्हणाली, “मला मत दिलंत की घरी जाऊन झोपू नका. माझ्या मागे लागा.” सगळ्यांत जास्त टाळ्या मी वाजवल्या. काकू हाताची घडी घालून नुसत्या ऐकत होत्या.

निवडून आल्यावर तिने आमच्या रस्त्याला पाण्याची नवी लाइन टाकून घेतली. पाइप जमिनीत गेले, वर माती पडली आणि मी लगेच फाटकावर आभाराचा फलक लावला. मधोमध हात जोडलेली ताई, वर ‘अथक प्रयत्नांना यश’, खाली आम्हा कार्यकर्त्यांचे टिकलीएवढे फोटो, त्यात पहिला माझा. आमच्याकडे असंच असतं. खड्डा बुजवायला माणसं येणार असं नुसतं कळलं तरी आभार छापून तयार. पाइपात पाणी यायचं होतं, पण ते काय, येईलच, असं मला वाटलं. सत्कारही ठरवला. शाल, नारळ, पेढे.

सत्काराला ताई बोलायला उभी राहणार, इतक्यात पाण्याचा टँकर हॉर्न वाजवत माझ्या फलकाखालून आत शिरला. कोणी हसलं नाही. लोकांनी सवयीने खुर्च्या उचलल्या, वाट दिली आणि परत बसले. काकू तेवढ्या उभ्याच राहिल्या.

“लाइन टाकलीत, चांगलं केलंत,” त्या म्हणाल्या. “पण पाणी कधी सोडणार?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “काकू, आज सत्कार आहे हो,” मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि ताईने काय करावं? अंगावरची शाल काढून ठेवली आणि काकूंच्या शेजारी जाऊन बसली. मोठ्या वाहिनीला जोडणी कुठे व्हायची, परवानगी कुठे अडलीय, दोघींची चांगलीच जुंपली. मी पेढ्यांचं ताट धरून उभी. मला कोणी काहीच विचारलं नाही.

तेव्हापासून प्रभागाच्या बैठकीला ती आली की पहिला प्रश्न, “काकू आल्यात का?” माझ्याकडे बघून ती हसायची, गोड हसायची, पण तसं ती सगळ्यांकडे बघून हसते. काकूंशी मात्र भांडायची. आवाज चढायचे. एकदा तर चिडून उठून गेली, आणि त्याच आठवड्यात स्वतःहून त्यांच्या घरी आली. जिन्यात तिचा आवाज ऐकून मी दार उघडलं. “चहा टाकते, ताई.” “नंतर येते हं,” म्हणत ती वर गेली. नंतर काही आली नाही. माझ्याशी ती कधी भांडली नाही. भांडावं असं मी कधी काही बोललेच नव्हते.

“त्या बाईंनी तिच्यासाठी केलंय काय?” मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “मत दिलं आणि पुढेही तोंड उघडं ठेवलं.” त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडलं ते काही चुकून नाही.

मग मी ठरवलं, आपणही विचारायचं. पाण्याची कळकळ वगैरे नव्हती. तिने माझ्याकडेही तसं वळून बसावं, एवढाच हेतू. पण विचारायचं तर काही माहीत हवं, म्हणून लाइन जिथे संपते त्या कोपऱ्यापर्यंत चालत गेले. पाइपाच्या तोंडाला झाकण बसवलेलं होतं आणि भोवती गुडघाभर गवत. गेल्याच बैठकीत ताईने जोडणी झाल्याचं सांगितलं होतं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. तिथे उभी असताना मला पहिल्यांदाच काकूंचा सोडून दुसऱ्या कशाचा तरी राग आला.

पुढच्या बैठकीत मी उभी राहिले. “ताई, लाइन जोडलेली नाही. मी बघून आले. मग जोडली म्हणून का सांगितलंत?”

तिचं हसू गेलं. “तुम्हीसुद्धा?”

ते फार लागलं. खाली बसावंसं वाटलं, पण म्हणाले, “हो, मीसुद्धा. का सांगितलंत?”

ती माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, “मला तसं कळवलं होतं. मी स्वतः जाऊन बघितलं नाही. चुकलं माझं.”

ती माझ्याशी बोलत होती! फक्त माझ्याशी, सगळ्यांच्या देखत. मी तृप्त होऊन खाली बसले आणि पदर सारखा केला.

तेवढ्यात काकू उठल्या. “चुकलं ते ठीक. आता सगळे मिळून त्या कोपऱ्यावर जाऊ. तुम्हीही चला. आणि ज्यांनी तुम्हाला कळवलं, त्यांना तिथेच बोलवा, आत्ता.”

ताईने फोन कानाला लावला. माणसं उठली. बघता बघता काकू आणि ताई फाटकाबाहेर पडल्यासुद्धा, आणि मी मागे चपला शोधत जळत होते. तिच्या एका ‘चुकलं’वर मी खाली बसलेच कशाला?